समविचारी नकोत, समवारी हवेत

परवा एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग तिने आवाज खाली आणून विचारलं, "खरं का गं, तू हल्ली भजनी मंडळात जातेस म्हणे?" मी कुणा बुवाकडून अंगारा आणल्याची बातमी तिच्या कानावर गेली असावी असा सूर होता. मी म्हटलं, हो, जाते की. दर गुरुवारी, तीन ते पाच. टाळ वाजवते. पलीकडे जरा शांतता. मग ती म्हणाली, "अगं पण... त्याला काय वाटलं असतं?"

'त्याला' म्हणजे माझ्या नवऱ्याला.

प्रश्न बोचला. फोनवर काही सुचलं नाही. मला वेळेवर उत्तरं कधीच सुचत नाहीत, दोन दिवसांनी भांडी लावताना सुचतात. म्हणून आता सावकाश लिहून काढतेय. मैत्रिणीवर राग नाही. पण तिच्या त्या प्रश्नामागे एक समजूत आहे आणि त्या समजुतीवर मात्र माझा चांगलाच राग आहे. तीच समजूत मी स्वतः तीसेक वर्षं बाळगली, त्यामुळे हा राग थोडा माझ्यावरही आहे.

आधी नवऱ्याबद्दल. तो पक्का नास्तिक. लग्न रजिस्टर केलेलं, घरात देव्हारा नाही, मुलाची मुंज नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हा हा माणूस दोन दिवस नीट जेवला नव्हता. मीही त्याच्यासारखीच, म्हणजे त्याच्याइतकी कडक नसले तरी देवाधर्मापासून लांबच. आजही आहे. भजनी मंडळात जायला लागल्यापासून माझा विठ्ठलावर विश्वास बसलाय असं काही झालेलं नाही. ज्यांना ती गोष्ट हवी होती त्यांची निराशा होईल, क्षमस्व.

एप्रिल २०२१ मध्ये तो गेला. ते दिवस कसे होते ते तुम्हाला माहीत आहे. स्मशानात मोजकी माणसं, नंतर भेटायला कुणी नाही, सगळं फोनवर. मार्च २०२२ अखेर मी बँकेतून निवृत्त झाले. आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर परळची जागा सोडून घोडबंदर रोडला सतराव्या मजल्यावर राहायला आले. हा फ्लॅट आम्ही दोघांनी म्हातारपणासाठी घेऊन ठेवला होता. मुलगा बंगळूरला. दीड-पावणेदोन वर्षांत नवरा, नोकरी आणि मोहल्ला, तिन्ही गेलं. वाईट वाटणं वेगळं, ते मला अपेक्षित होतं. मला अपेक्षित नव्हतं ते हे की सोमवार आणि शनिवार यांत काही फरकच उरणार नाही. एकदा दुधाची पिशवी दोन दिवस दाराला तशीच लटकत राहिली, कारण मला दार उघडायचं सुचलंच नाही. आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दूध नासलं एवढंच.

या काळात मला सल्ले भरपूर मिळाले. आपल्या लोकांत सल्ल्यांचा कधी तुटवडा नसतो. बहुतेक सल्ले तीन प्रकारचे होते.

पहिला: "आता तरी स्वतःसाठी जग." हे इतक्या लोकांनी इतक्या प्रेमाने सांगितलं की मी काही दिवस खरंच प्रयत्न केला. स्वतःसाठी एक कप चहा, स्वतःसाठी वरण-भात, स्वतःसाठी सिनेमा. मला विचाराल तर एकट्या पडलेल्या माणसाला स्वतःसाठी जग म्हणणं म्हणजे विहिरीत पडलेल्याला पोहण्याचा आनंद घे म्हणण्यासारखं आहे. दिवसाचे चोवीस तास मी स्वतःसोबतच होते. तोच तर त्रास होता.

दुसरा: "छंद जोपास." जोपासला. वॉटरकलर आणले, युट्यूबवर बघून तीन निसर्गचित्रं काढली. तिन्हीत डोंगर सारखाच आला. छंद चांगलाच असतो, पण तुम्ही आज चित्र काढलं नाहीत तर जगात कुणाचं काही अडत नाही आणि त्या दिवसांत मला नेमकं हेच नको होतं.

तिसरा सल्ला सगळ्यात शहाणा वाटणारा आणि माझ्या मते सगळ्यात घातक: "समविचारी माणसं शोध." आमच्या पिढीच्या शिकलेल्या मराठी माणसांचा हा आवडता शब्द. समविचारी. वाचणारी, चांगलं ऐकणारी, आपल्यासारखा विचार करणारी. मी शोधली. मिळालीही. दोन-तीन गप्पांचे गट, एक पुस्तकांबद्दल बोलणारा, एक जुन्या सिनेमांचा. सगळी सज्जन माणसं. ज्याला वाटेल त्याने यावं, नाही वाटलं तर येऊ नये. मी गेले की छान स्वागत व्हायचं. मी सलग चार वेळा गेले नाही, तेव्हा कुणाला कळलं नाही. त्यांचा दोष नाही. तिथली व्यवस्थाच तशी होती, कुणावर कसलं बंधन नको. आम्हाला बंधनाची इतकी भीती की कुणाची वाट बघणंसुद्धा आम्हाला आगाऊपणा वाटतो.

आता गुरुवारची गोष्ट सांगते.

घोडबंदर रोडवर बसच्या पाट्यांवर तुम्ही कासारवडवली, ओवळा, वडवली अशी नावं वाचली असतील. ही मुळात गावं आहेत, आगरी, कोळी, आदिवासी लोकांची. टॉवर नंतर आले. आमच्या टॉवरच्या मागेही असंच एक जुनं गावठाण आहे. अरुंद रस्ता, चार किराणा दुकानं, एक विठ्ठल मंदिर आणि पिठाची गिरणी. सोसायटीतले बहुतेक लोक तिकडे फिरकत नाहीत, पीठ पाकिटातलं येतं. मला दळण लागतं म्हणून मी जायचे. एकदा गिरणीवाल्या बाईंनी विचारलं, "म्याडम, तुमी बँकेत होत्या ना? आमच्या भिशीचा हिशोब काय जुळत नाय."

भिशी मंडळातल्या बायकांची. सोळा जणी, महिन्याला पाचशे रुपये, दर महिन्याला एकीला आठ हजार. साधा मामला. पण मध्ये एकीने दोन महिने चुकवले, दुसरीने तिचे भरले, तिसरीने उसने घेतले आणि दोन वह्यांत दोन वेगळे आकडे. मी छत्तीस वर्षं बँकेत काढलेली. देवळाच्या ओसरीवर बसून एका दुपारी तो घोळ सोडवला. दीड हजाराचा फरक होता, एकच नोंद दोन्ही वह्यांत मिळून तीनदा झाली होती. सांगते, तो फरक सापडला तेव्हा मला जो आनंद झाला तो तिन्ही निसर्गचित्रांनी मिळून दिला नव्हता.

बायका म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी या, नवी वही तुमीच घाला. गेले. भजन चालू होतं, मी कडेला बसले. एका आजींनी माझ्या हातात टाळ दिला आणि म्हणाल्या, "रिकामी कशाला बसतेस, वाजव." मी सांगितलं, मला ताल कळत नाही. त्या म्हणाल्या, आमालाबी कुठं कळतो. हे खोटं होतं, त्यांना चांगला कळतो. पण मी वाजवायला लागले. सुरुवातीला सगळे मला 'म्याडम' म्हणायचे. मग 'ताई' झालं. आणि साधारण सहा महिन्यांनी, मी एका गुरुवारी डेंटिस्टकडे गेले म्हणून आले नव्हते, तर पुढच्या वेळी चपला काढतानाच कुणीतरी ओरडलं, "मागच्या गुरुवारी कुठं होतीस गो?"

गो. कोकणातल्या, ठाण्या-रायगडातल्या बायकांना या एका अक्षराची किंमत वेगळी सांगायला नको. नवरा गेल्यापासून मला कुणी हिशोब विचारला नव्हता की तू कुठे होतीस. मी तिथेच पायरीवर दोन मिनिटं उगाच चपलेचा पट्टा सोडत बसले.

आता माझं म्हणणं. आयुष्याच्या कुठल्याही मोठ्या वळणावर, म्हणजे निवृत्ती, वैधव्य, घटस्फोट, बदली, परगावची पहिली नोकरी, मुलं घराबाहेर पडणं, माणसाला समविचारी माणसं लागत नाहीत. समवारी लागतात. ज्यांचा आणि आपला वार एक आहे अशी. ठरलेला दिवस, ठरलेली जागा, हाताला काहीतरी काम, खिशाला थोडी झळ आणि न गेल्यास जाब. एवढं असेल तर माणसं कशीही चालतात. ओळख त्यातून होते, माया तर फार नंतर होते. आपण उलटं करायला बघतो. आधी मनं जुळू देत, मग भेटू नियमित. मनं जुळेपर्यंत वर्षं निघून जातात.

हे काही माझं संशोधन नाही, आपल्याकडे हे शहाणपण फार जुनं आहे. माझे सासरे साताऱ्याकडून गिरणीत आलेले. लालबागला एका खोलीत त्यांच्या गावची वीस-बावीस माणसं राहायची, पाळ्यांप्रमाणे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खानावळीत, पैसे पगाराच्या दिवशी. गिरणगावातल्या अशा गावकऱ्यांच्या खोल्या, खानावळी, भजनी मंडळं, व्यायामशाळा यांवर बरंच लिहिलं गेलंय, बरंचसं हळवं होऊन. मला त्यातली हळवी बाजू नको. सासरे स्वतः सांगायचे की खोलीत भांडणं रोजची होती आणि निम्म्या लोकांशी त्यांचं पटायचं नाही. पण एखादा कामावरून आला नाही तर रात्री बाराला चार माणसं गिरणीच्या गेटवर विचारायला जायची. कारण त्याच्या अंथरुणाची जागा रिकामी दिसायची! प्रेम असो नसो, जागा रिकामी दिसत होती.

याच खानावळी चालवणाऱ्या बायकांना घेऊन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. ज्या बायकांना सावकाराशिवाय कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांना गटागटाने राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळाली. त्या बायका समविचारी होत्या का? अजिबात नसतील. त्यांच्याकडे एकसारखी अडचण होती आणि एकमेकींच्या हप्त्याची जबाबदारी होती. पुढे १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, गिरण्या बसल्या आणि खोल्या हळूहळू ओस पडल्या. त्या जागी आता काय आहे ते लोअर परळला जाऊन बघा.

वारीतही तेच. लोक वारीबद्दल बोलताना भक्तीबद्दल बोलतात, मला तिथली व्यवस्था बघून अचंबा वाटतो. एवढ्या लाखांच्या गर्दीत माणूस एकटा चालत नाही, दिंडीत चालतो. दिंडीला नंबर असतो आणि रथाच्या पुढे की मागे ही जागा ठरलेली असते. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतो आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग तिचं म्हणणं ऐकलं जातं. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची नावंही तिथेच पुकारतात. लाखभर माणसांत एका दिंडीची कुरबूर ऐकण्याची सोय ज्यांनी केली, ते लोक आपल्यापेक्षा एकटेपणाबद्दल जास्त जाणत होते असं मला वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं छान, पण या गावकीच्या, मंडळाच्या आत काय काय असतं ते विसरलात का? नाही विसरले. गिरणगावातल्या खोल्या जातीजातींच्या होत्या. विणखात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागायचा म्हणून अस्पृश्यांना ते जास्त पगाराचं खातं बंद होतं, हे याच कामगारांनी चालवून घेतलेलं आहे. चाळीचं सख्य आणि चाळीची चौकशी एकाच जिन्याने वर यायची. ज्याला त्या जिन्यातून पळून जावंसं वाटलं, त्याला मी दोष देणार नाही. माझा नवरा त्यांतलाच होता.

माझाच अनुभव सांगते. संक्रांतीला हळदीकुंकू असतं. टॉवरमधल्या महिला मंडळाने, म्हणजे सगळ्या शिकलेल्या, नोकरी केलेल्या बायकांनी, मला बोलावलं नाही. नंतर एकीने लिफ्टमध्ये फार प्रेमाने सांगितलं, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही बोलावलं हं." इतकं गोड सांगितलं की मी "बरं केलंत" म्हणून मोकळी झाले. आणि देवळातल्या मंडळात? तिथेही तेच. फरक एवढाच की तिथे एका बाईने तोंडावर सांगितलं, ताई, तुला कुंकू लावायची आमच्यात रीत नाय.

पण तिथे मला भांडता आलं. लिफ्टमधल्या बाईशी मी भांडले असते तर ती पुढच्या वेळी दुसऱ्या लिफ्टने गेली असती. या बायकांना पुढच्या गुरुवारी माझ्यासमोर बसायचंच होतं आणि मला त्यांच्यासमोर. मी म्हटलं, भिशीची वही मी लिहिलेली चालते, टाळ मी वाजवलेला चालतो, मग कुंकवालाच काय झालं? शिवाय कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाची गोष्ट सांगितली. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा मेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं आपल्या गावात बंद. ग्रामपंचायतीने हां, मी म्हटलं, कुठल्या शहरातल्या सोसायटीने नव्हे. तीन गुरुवार वाद चालला. सोळातल्या पाच जणी विधवा आहेत हे त्या वादात पहिल्यांदा कुणीतरी मोजलं. त्या वर्षी काही झालं नाही. पुढच्या वर्षी पाचही जणींना बोलावलं. दोन जणी अजून माझ्यावर रुसलेल्या आहेत, त्यांतली एक मला कुंकू लावत नाही, पण तिळगूळ देते. चालेल. पुढच्या संक्रांतीला बघू.

सांगायचा मुद्दा, सुधारणा करायची तरी आत बसावं लागतं. लांबून सुधारणा होत नाही, लांबून फक्त नाकं मुरडता येतात. आणि हे मी माझ्याच लोकांना, परिवर्तनवादी म्हणवणाऱ्यांना सांगतेय. आपल्याकडे विचार होते, पुस्तकं होती, मोर्चे होते, व्याख्यानमाला होत्या. गुरुवार नव्हता. पूर्वी होता. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा १९४१ पासून रोज संध्याकाळी मैदानावर भरत होत्या, खेळ, गाणी, कवायत. त्या शाखा कमी होत गेल्या आणि आपण फेसबुकवर समविचारी होऊन बसलो. मग एखादा कार्यकर्ता म्हातारा झाला, आजारी पडला की त्याच्या घरी कोण जातं? व्याख्यानाला आलेले तीनशे लोक जात नाहीत. शेजारच्या आळीतले भजनवाले जातात.

ज्यांनी हे जपलं, त्यांच्याकडून शिकायला हवं. महाराष्ट्रातल्या बुद्धविहारांत रविवारची वंदना असते. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. ज्यांना देव नको होता त्यांनी देवाशिवायही ठरलेला वार राखला. तेव्हा "मंडळ म्हणजे देवधर्म आणि देवधर्म म्हणजे मागासपणा" हे आमचं समीकरण चुकीचं होतंच, आळशीपणाचंही होतं. देव नको असेल तर नका घेऊ, पण त्याच्यासोबत सतरंजीही फेकून देऊ नका. बसायचं कशावर?

आता थोडं टॉवरबद्दल, कारण यात सगळा दोष माणसाच्या स्वभावाचा नाही. गेल्या पावसाळ्यात मला ताप आला. दोन गुरुवार गेले नाही. फोन लागत नव्हता, चार्जर कुठे पडला होता देव जाणे (बघा, तोंडात बसलंय). तिसऱ्या दिवशी मंडळातल्या दोघी मला बघायला आल्या. डब्यात पेज आणि सुकट. गेटवर त्यांना अडवलं. कुठल्या फ्लॅटला कामाला जाता, ओळखपत्र कुठंय. कामाला नाही, भेटायला आलो, म्हटल्यावर मोबाईलवर माझी परवानगी मागवली, ती मी दिली नाही कारण मोबाईल बंद. शेवटी अर्ध्या तासाने वर सोडलं, तेही सामानाच्या लिफ्टने. आल्या त्या हसतच. त्यांतली थोरली खिडकीतून खाली बघत म्हणाली, "ते गेट हाय ना, तिथंच आमची विहीर होती." तिच्या सासऱ्यांची भाताची खाचरं होती या जमिनीवर. ज्या जमिनीवर तिने लावणी केली, तिथे तिला सामानाच्या लिफ्टने यावं लागलं. सुकट खाताना मला ठसका लागला तो तिखटाने नव्हे.

मी सोसायटीच्या सभेत बोलले. उत्तर मिळालं, सुरक्षेचा प्रश्न आहे. असेलही. पण आमच्या इमारतीच्या जाहिरातीत जलतरण तलावाच्या खाली 'कम्युनिटी लिव्हिंग' असं छापलेलं मला अजून आठवतं. त्याचे पैसे आम्ही भरलेत. क्लबहाऊसही आहे, तासाच्या भाड्याने मिळतं. देवळाची ओसरी फुकट आहे आणि तिथे गेट नाही. माझी सगळ्या सोसायट्यांना एकच मागणी आहे: आठवड्यातला एक दिवस, दोन तास, ते क्लबहाऊस बिनभाड्याने उघडा आणि मागच्या गावातल्या माणसांनाही येऊ द्या. विषय कुठलाही चालेल. वार मात्र बदलू नका.

हे फक्त आम्हा म्हाताऱ्यांचं रडगाणं आहे असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये अहवाल काढला. जगात दर सहा माणसांतलं एक एकटेपणाने ग्रासलेलं आहे आणि त्यापायी वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात असा त्यांचा अंदाज आहे. आणि १३ ते २९ वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण १७ ते २१ टक्के, म्हणजे तरुण मुलंही यातून सुटलेली नाहीत. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला. आपल्याकडे मंत्री नेमून काय होईल ते मी सांगायला नको. माझा भाचा हिंजवडीत नोकरीला लागला तेव्हा पहिलं वर्ष खोलीतून ऑफिसात आणि ऑफिसातून खोलीत. खोलीतली इतर तिघं कुठल्या गावची ते त्याला माहीत नव्हतं. आता तो दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी काही मुलांबरोबर गडावरच्या पाण्याच्या टाक्यांतला गाळ काढायला जातो. घमेली भरायची, रांगेत उभं राहून पुढे द्यायची. त्या मुलांशी त्याचं राजकारणावरून अजिबात पटत नाही. पण रांगेतला एक जण आला नाही तर घमेलं कुठे थांबतं ते लगेच दिसतं.

एक मात्र स्पष्ट सांगते. प्रत्येक दुखणं टाळ वाजवून बरं होत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न नको, जगायला नको असं वाटत असेल तर मंडळाच्या आधी डॉक्टर. १४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस'चा फुकट नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, मराठीतही बोलता येतं. मी स्वतः तो एकदा फिरवलेला आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तर आता मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर. त्याला काय वाटलं असतं?

मला वाटतं त्याने आधी यथेच्छ टिंगल केली असती. टाळ वाजवून दाखव म्हणाला असता. मग विचारलं असतं, भजनाला मान डोलावताना तुझं डोकं कुठे असतं? मी सांगितलं असतं की बहुतेक वेळा भिशीच्या वहीत. मग तो गप्प झाला असता आणि थोड्या वेळाने त्याच्या वडिलांबद्दल बोलला असता. कारण सासरे लाल बावट्याचे सभासद होते आणि शनिवारी रात्री चाळीत पखवाज वाजवत. दोन्ही एकाच माणसात कसं मावतं हे कोडं माझ्या नवऱ्याला आयुष्यभर सुटलं नाही. मला आता थोडं सुटल्यासारखं वाटतंय. सासऱ्यांना त्यात कोडंच दिसत नव्हतं. शनिवारी पखवाज वाजवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते वाजवत.

आणि बाई गं, तूही एकटीच आहेस. तुझा मुलगाही लांब आहे. तू मला दोन महिन्यांनी फोन केलास, मी तुला त्याआधी सहा महिने केला नव्हता. आपण दोघी पूर्ण समविचारी आहोत, चाळीस वर्षं. काय उपयोग झाला सांग? तेव्हा असं करू. भजन नको, तुझ्या घराजवळ वाचनालय असेल, शाळा असेल, स्वयंपाकाचा कट्टा असेल, ते शोध. जिथे तू नाही गेलीस तर कुणाचं तरी अडेल अशी जागा बघ. आणि तोवर दर मंगळवारी रात्री साडेआठला मी तुला फोन करणार आहे. बोलायला विषय नसला तरी. उचलला नाहीस तर बुधवारी दारात येऊन विचारेन, काल कुठं होतीस गो?

असो. आज गुरुवार आहे. पावणेतीन वाजले, वही शोधायचीय. निघते.